विसर्जनानंतरचे मंडळ

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी भाद्रपदी पौर्णिमा, मग पितृपंधरवडा आणि तो सरताच घटस्थापना. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांची आवराआवर मुख्यतः या पंधरा-सोळा दिवसांत उरकते. पितृपक्षात कोणी नवे कार्य काढत नाही, त्यामुळे कार्यकर्त्यांना सवड असते, हे एक कारण. दुसरे कारण रोख व्यवहाराचे. मांडववाल्याला तेच बांबू, त्याच ताडपत्र्या आणि तेच पडदे नवरात्राच्या मांडवाला लागतात. मंडळ रेंगाळले तरी तो रेंगाळत नाही.

या दिवसांतले काम चार प्रकारचे असते. रस्ता मोकळा करायचा, मूर्तीची आणि निर्माल्याची व्यवस्था लावायची, पैशाचा हिशेब पुरा करायचा आणि झालेल्या उत्सवातून पुढच्या वर्षासाठी काही शिकायचे. पहिल्या तिन्ही कामांना विचारणारे कोणी ना कोणी असते: महापालिका, न्यायालय, धर्मादाय आयुक्त, वर्गणीदार. चौथ्या कामाची विचारणा कुठूनच होत नाही. म्हणून १८९० च्या दशकात सुरू झालेल्या या उत्सवात पहिल्या तिन्ही कामांच्या रीती हळूहळू पक्क्या होत गेल्या, आणि शिकण्याचे काम मात्र बहुतेक ठिकाणी दोन-तीन जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणीवर राहिले.

मिरवणुकीहून परतल्यावर सर्वांत आधी जाते ते भाड्याचे सामान. जनित्र, ध्वनिक्षेपक, ट्रॉली यांचे भाडे दिवसावर असते. एक दिवस चुकला की बिल वाढते. त्यामागून वीज. महावितरण सार्वजनिक उत्सवांना तात्पुरती जोडणी देते आणि तिच्यासाठी अनामत घेते. उत्सव संपल्यावर वाचन नोंदवून जोडणी तोडून घ्यायची आणि अनामत परत मागायची, इतके साधे काम. पण अनामतीची पावती ऐन वेळी न सापडणे हा मंडळांचा जुना रोग आहे. ती भरणारा कार्यकर्ता एक, फाइल सांभाळणारा दुसरा, आणि पैसे परत आणायला जाणारा तिसराच.

मांडव उतरला की खाली खड्डे दिसतात. बांबू रोवायला पहारीने केलेला खड्डा साधारण दीड-दोन फूट खोल असतो. बांबू उपसल्यावर त्यात माती आणि विटांचे तुकडे लोटून वरून पाय दाबले की काम झाले असे समजण्याची पद्धत होती, अजूनही आहे. भर कोरडी आणि सैल राहते, परतीचा पाऊस तीत मुरतो, ती खचते, आणि घटस्थापनेपर्यंत रस्त्यावर खळग्यांची रांगच उभी राहते. थर देऊन धुमसाने ठोकले आणि वरचा थर डांबराने किंवा सिमेंटने बंद केला तरच भर टिकते. मुंबई महापालिकेने २०२५ च्या उत्सवाआधी प्रत्येक खड्ड्यामागे १५ हजार रुपये दंड जाहीर केला होता. मंडळांनी ओरड केल्यावर तो पूर्वीच्या २ हजारांवर आणला गेला. दंडाच्या आकड्यावर एवढी चर्चा झाली, पण खड्डा न करता मांडव उभा राहतो हे बऱ्याच मंडळांनी आधीच करून दाखवले आहे. वाळूने किंवा काँक्रीटने भरलेल्या लोखंडी पिंपांत खांब रोवायचे, किंवा जड पायाच्या लोखंडी सांगाड्यावर सगळा मांडव उभारायचा. खर्च थोडा जास्त येतो, पण उतरवणे निम्म्या वेळात होते.

मंडळाच्या मालकीचे सामानही याच दिवसांत मोजले जाते: महिरप, रथाचे भाग, पडदे, समया, आरतीची ताटे, चांदीचे अलंकार. अलंकार बँकेच्या लॉकरमध्ये जातात. जाताना वजनाची नोंद झाली तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी 'एक वाळा कमी कसा' या प्रश्नावर मंडळात दोन तट पडायला वेळ लागत नाही. देखाव्याचे भाग लहान गावांतल्या मंडळांना विकण्याची किंवा भाड्याने देण्याची रीत जुनी आहे. थर्मोकोलच्या मखरांचा प्रश्न राज्याने मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीतल्या थर्मोकोलवर बंदी घालून कागदावर तरी मिटवला.

मूर्तीच्या बाबतीत पुण्याची आणि मुंबईची रीत वेगळी. पुण्यातल्या अनेक जुन्या मंडळांची मुख्य मूर्ती कायमची असते आणि विसर्जन लहान उत्सवमूर्तीचे होते. भाऊसाहेब रंगारी गणपतीची लाकूड आणि भुशाची मूर्ती तर १८९२ पासूनची मानली जाते. मुंबईत दरवर्षी नवी आणि उंच मूर्ती घडवायची आणि ती समुद्रात द्यायची, अशी प्रथा वाढली. त्यामुळे विसर्जनानंतरच्या सकाळचा प्रश्न मुंबईच्या चौपाट्यांवर जास्त उघडा पडतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही. ओहोटीला अर्धवट मूर्ती वाळूत रुतलेल्या सापडतात आणि त्या गोळा करायला पालिकेचे कामगार आणि स्वयंसेवक पहाटेपासून लागतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात बराच काळ झगडा चालला. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने या विषयावर राज्य सरकारला अहवाल दिला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने प्लॅस्टरच्या मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलाशयात त्या सोडता येणार नाहीत असे म्हटले. जुलैमध्ये तडजोड निघाली: ६ फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच जातील आणि त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत समुद्र, नदी, तलाव यांची मुभा राहील. मुंबईत कृत्रिम तलावांची संख्या २०२४ मध्ये २०४ होती, ती २०२५ मध्ये २९० च्या आसपास गेली.

कृत्रिम तलावात मूर्ती गेली म्हणून प्लॅस्टर नाहीसे होत नाही. ते फक्त एका ठिकाणी जमा होते. पुढे काय करायचे, याचे एक उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुमारे दहा वर्षांपूर्वी काढले. बेकरीत वापरतात तो अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवायचा आणि त्या द्रावणात मूर्ती ठेवायची. प्लॅस्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. बायकार्बोनेटशी त्याची क्रिया होऊन तळाशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा साका बसतो, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते, जे नत्रखत म्हणून झाडांना घालता येते. घरगुती मूर्तीला साधारण दोन-तीन दिवस लागतात. मधूनमधून ढवळावे लागते, आणि रंग जाड असेल तर वेळ वाढतो. पुणे महापालिकेने नागरिकांना ही पूड मोफत वाटली. मंडळांच्या मोठ्या मूर्तींना ही युक्ती पुरत नाही, कारण तेवढा हौद आणि तेवढी पूड दोन्ही आवाक्याबाहेर जातात. शाडूची मूर्ती किंवा कायमची मूर्ती हाच त्यांच्यापुढचा खरा पर्याय. निर्माल्याचे त्या मानाने सोपे: फुले, दूर्वा, पत्री वेगळी ठेवली तर उत्तम खत होते. अडचण असते ती हारांच्या दोऱ्याची, तारांची आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची, आणि निर्माल्य कलशापाशी उभे राहून ते हातानेच वेगळे करावे लागते.

पैशाचा हिशेब हा या पंधरवड्याचा गाभा. त्याची सुरुवात पावतीपुस्तकांपासून होते. उत्सवाआधी छापलेली पुस्तके क्रमांक टाकून कार्यकर्त्यांना सही घेऊन दिलेली असतात. मूळ पावती वर्गणीदाराला गेली, स्थळप्रत पुस्तकात राहिली. उत्सवानंतर खजिनदार एकेक पुस्तक मागवतो, फाडलेल्या, कोऱ्या आणि रद्द पावत्या वेगळ्या मोजतो आणि बेरीज रोख जमेशी ताडून पाहतो. रद्द पावतीचे दोन्ही भाग पुस्तकातच असायला हवेत. मूळ भाग नसेल तर ती रद्द झाली की पैसे जमा झालेच नाहीत, हे कळायला मार्ग राहत नाही. एखादे पुस्तक परतच येत नाही. 'घरी आहे, उद्या आणतो' हे उत्तर चार वेळा आले की जाणता खजिनदार त्या पुस्तकाचे क्रमांक बैठकीत जाहीर करतो आणि इतिवृत्तात लिहून ठेवतो. गल्लीत बोभाटा न करता पुस्तक बाहेर काढण्याचा याहून सभ्य उपाय अजून सापडलेला नाही.

क्यूआर कोड आल्यापासून रोकड घटली, पण नवा घोळ सुरू झाला. मंडळाचे बँक खाते नसेल तर कोड कुणा कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्याचा लावला जातो. त्याच खात्यात त्याचा पगार येतो आणि त्यातूनच घरचा किराणा जातो. दहा दिवसांतली मंडळाची जमा त्यातून वेगळी काढताना खातेदार आणि खजिनदार दोघेही घामाघूम होतात. वर्गणीपेक्षा जाहिरातींच्या कमानींचा पैसा अनेक शहरी मंडळांत मोठा असतो आणि तो उशिरा येतो. कमान उतरली की तगादा लावण्याचे मंडळाचे बळही उतरते, म्हणून निम्मी रक्कम आधी घेण्याची पद्धत अनुभवी मंडळांनी पाडली. देणे असलेल्यांची यादीही लांब असते: मूर्तिकार, मांडववाला, रोषणाईवाला, ढोल-ताशा पथकाचे मानधन, प्रसादाचा किराणा. मोठ्यांची बिले आधी भागतात. हारवाला आणि चहावाला शेवटी राहतात, आणि मंडळाची गल्लीतली पत मात्र त्यांच्याच तोंडून ठरते.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते आणि उत्सवानंतर जमाखर्च सादर करावा लागतो. परवानगी घेणाऱ्यांची रांग श्रावणात लागते. हिशेब देणाऱ्यांची तशी रांग कधी दिसत नाही. मोठ्या मंडळांचे काम तुलनेने उघड्यावर चालते. १९३४ पासूनच्या लालबागच्या राजाच्या दानपेट्यांची मोजदाद आणि अर्पण झालेल्या सोन्याचांदीचा लिलाव यांच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत जत्रेनंतर यात्रा कमिटी देवळात बसून घराघराची वर्गणी आणि प्रत्येक खर्च मोठ्याने वाचून दाखवते. तिथे लेखापरीक्षक नसतो, पण ऐकणाऱ्यांत एखादा हमखास असा असतो, ज्याला मंडईतला नारळाचा भाव माहीत असतो. शहरी मंडळाने चौकातल्या फळ्यावर पंधरा दिवस जमाखर्च लावला तर तेच साधते. फळा लावणाऱ्या मंडळाला पुढच्या वर्षी वर्गणी मागताना कमी बोलावे लागते.

शिल्लक राहिली तर तिचे काय, हा प्रश्न लहान मंडळांत क्वचितच येतो. मोठ्यांच्या बाबतीत तोच त्यांची ओळख ठरवतो. पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती न्यासाचे वृद्धाश्रमाचे काम किंवा लालबागच्या मंडळाचे डायलिसिस केंद्र ही वर्षभर चालणारी कामे त्यातूनच उभी राहिली.

आता चौथे काम. पंधरवड्यात केव्हातरी श्रमपरिहाराचे जेवण होते. पुष्कळ मंडळांत तीच आढावा बैठक समजली जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. जेवणाच्या पंगतीत कौतुक होते किंवा भांडण होते. तिसरे काही होत नाही. भांडणाचे विषयही ठरलेले: मिरवणुकीत आपण मागे का पडलो, डीजे का लावला किंवा का लावला नाही, अध्यक्ष फोटोपुरते कसे आले. या सगळ्यात वाहत्या पावसात मांडवाच्या कोणत्या कोपऱ्यातून पाणी गळत होते आणि बंदोबस्ताच्या हवालदाराने कोणती वाट मोकळी ठेवायला सांगितली होती, हे कोणी बोलत नाही. बैठक दुसऱ्याच दिवशी घेतली तर माणसे थकलेली आणि चिडलेली असतात. दिवाळीनंतर घेतली तर बारकावे विसरलेले असतात. आठ-दहा दिवसांनी, जेवणापासून वेगळी, हिशेब हातात आल्यावर घेतलेली बैठक उपयोगी पडते. तिला मंडळाबाहेरची दोन-चार माणसे बोलावली तर आणखी. मांडवासमोरच्या दुकानदाराला, वरच्या मजल्यावर तान्हे मूल असलेल्या घराला आणि रस्ता झाडणाऱ्या कामगाराला उत्सव जसा दिसला तसा तो मंचावरून कधी दिसत नाही.

मोजलेल्या गोष्टी लवकर बदलतात, याचे पुण्यातले चांगले उदाहरण आवाजाचे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातले, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातले, शिक्षक आणि विद्यार्थी गेली वीसहून अधिक वर्षे लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीतला आवाज चौकाचौकांत मोजतात आणि दुसऱ्या दिवशी आकडे जाहीर करतात. निवासी भागाची कायद्याने ठरलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मिरवणुकीची सरासरी २०२२ आणि २०२३ मध्ये १०० च्या वर होती. २०२४ मध्ये ती ९५ च्या आत आली. तोही आवाज प्रचंडच, पण उतार दिसला तो आधीची मापे हाताशी होती म्हणून. लेझर दिव्यांचे शहाणपण डॉक्टरांकडून आले. २०२३ च्या मिरवणुकीनंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण आले, त्याची वाच्यता झाली, आणि पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी तीव्र लेझरवर बंदी घातली. मंडळांच्या स्वतःच्या बैठकीत हा विषय आला असता तर तो 'पोरांची हौस' म्हणून बाजूला पडला असता, अशी शंका घ्यायला जागा आहे.

मिरवणुकीच्या वेळेबाबत मात्र एका मंडळाच्या निर्णयाने फरक पडला. पुण्याची मुख्य मिरवणूक मानाच्या पाच गणपतींनंतर रेंगाळत जाते आणि अलीकडे तीस तासांच्या आसपास चालते. दगडूशेठ हलवाई गणपती वर्षानुवर्षे रात्री उशिरा निघे आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी होई. २०२३ पासून तो दुपारी चारच्या सुमारास मिरवणुकीत येऊ लागला आणि त्याच रात्री विसर्जन होऊ लागले. मिरवणूक त्यामुळे आटोपशीर झाली असे नाही. पण एका रात्रीची प्रचंड गर्दी संध्याकाळी हलली, आणि लहान मुलांना घेऊन आलेल्यांना घरी वेळेत परतता आले.

उलटे उदाहरण मुंबईचे. २०२५ मध्ये लालबागच्या राजाची मिरवणूक ६ सप्टेंबरला निघाली आणि ७ तारखेला सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. विसर्जनासाठी नवा तराफा आणला होता. भरतीच्या वेळेशी गणित जुळले नाही, पाण्यात उभ्या मूर्तीला तराफ्यावर घेता येईना, आणि विसर्जन रात्री झाले. भरती-ओहोटीचे तक्ते वर्षभर आधी छापलेले मिळतात. नवे साधन थेट मुख्य दिवशी न वापरता आधी भार ठेवून, त्याच तिथीच्या भरतीला पाहून घ्यायला हवे, हा धडा साधा असला तरी फक्त त्या मंडळापुरता नाही. नवी क्रेन, नवा रथ, नवी ध्वनियंत्रणा घेणाऱ्या कोणालाही तो लागू आहे.

सक्तीने शिकलेले किती टिकते, ते करोनाने दाखवले. २०२० आणि २०२१ मध्ये सार्वजनिक मूर्ती ४ फुटांची आणि घरगुती २ फुटांची, असे बंधन होते. लालबागच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्ती न बसवता आरोग्य उत्सव घेतला. पुण्यात फिरते हौद गल्लोगल्ली गेले. बंधन उठताच उंची परत आली, मिरवणुका परत आल्या. घरच्या घरी बादलीत विसर्जन करण्याची सवय मात्र पुष्कळ कुटुंबांत राहिली, कारण ती सोयीची होती. सोयीचे टिकते, नुसत्या नियमाचे टिकत नाही, असे या एका उदाहरणावरून म्हणता येते.

जिथे माणसांचे जीव जातात तिथे आढावा सरकारला घ्यावा लागतो. २५ जानेवारी २००५ ला वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे ३०० भाविक मेले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि अरुंद वाट ही कारणे पुढे आली. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. नाशिकच्या २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. २०१५ चे नियोजन करताना गर्दीच्या मार्गांचा विचार आधी झाला आणि त्या वर्षीच्या पर्वण्या चेंगराचेंगरीविना पार पडल्या. मंडळांचे मांडव या मानाने लहान, पण आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट एकच असेल तर धोक्याचे कारण तेच.

आढाव्यातून निघालेले टिकवायचे तर ते लिहावे लागते. इतिवृत्ताच्या वहीत बहुधा ठराव आणि अनुमोदकांची नावे असतात. रोषणाईवाल्याचा दर, पथकाने वेळ पाळली की नाही, मांडवाची मापे, परवान्यांच्या एक खिडकी योजनेत कोणता कागद कमी पडला, हे नसते. अध्यक्ष आणि उत्सवप्रमुख दरवर्षी बदलण्याची चाल असलेल्या मंडळांत तर नवी कार्यकारिणी जुन्यांच्या फोनवर विसंबून असते, आणि जुने रुसलेले असतील तर सगळे पुन्हा शून्यापासून. राज्य सरकारच्या उत्कृष्ट मंडळ स्पर्धेमुळे अलीकडे निदान छायाचित्रे आणि अहवाल जपले जाऊ लागले. तो अहवाल परीक्षकांसाठी असतो, त्यात गळक्या कोपऱ्याचा उल्लेख नसतो. तो कोपरा लिहायला वेगळी, घरातली वही लागते, आणि ती कार्यालयाच्या कपाटात ठेवावी लागते, सचिवाच्या घरी नव्हे.

नोंदणीकृत न्यासाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि लेखापरीक्षण त्यानंतर सहा महिन्यांत पुरे करायचे असते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला येते. म्हणजे २०२५ च्या उत्सवाच्या लेखापरीक्षणाची मुदत पुढच्या विसर्जनानंतर पाचच दिवसांनी संपते, आणि ज्या खजिनदाराने ती कागदपत्रे दसऱ्याच्या आत लावून ठेवली नाहीत, त्याला ती मांडवाच्या मागच्या बाजूला बसून लावावी लागतात.